जमीन सरकते, सातबारा का सरकत नाही?

दरवर्षी अशोक विजयादशमीला लाखो पावले नागपूरच्या दीक्षाभूमीकडे वळतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बोधिसत्त्व बाबासाहेबांनी ज्या मातीवर तथागताचा धम्म स्वीकारला, त्या मातीपुढे आपण नतमस्तक होतो. पण विज्ञानाच्या काटेकोर भाषेत कोणी विचारले की ती जागा पृथ्वीवर आज नेमकी तिथेच आहे काय, तर उत्तर येते, नाही! भारताला पाठीवर घेऊन चाललेला भूपट्ट दरवर्षी सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आहे. आपल्या बोटाचे नख जेवढ्या गतीने वाढते, साधारण तेवढीच ही गती. म्हणजे जवळपास ७० वर्षांत दीक्षाभूमी, इंदोरा, कामठी, सारे नागपूर सुमारे साडेतीन मीटर पुढे गेले. कोणाला धक्का जाणवला नाही, कारण सारेच एकत्र सरकले.

हे कोणा बाबा-महाराजाने ध्यान लावून सांगितलेले नाही, मोजलेले आहे. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असते आणि प्रत्येक उपग्रह सतत संदेश पाठवत असतो. संदेश यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर निघते. किमान चार उपग्रहांची अंतरे मिळाली की जागा निश्चित होते. आपल्या मोबाईलमधला जीपीएस काही मीटरने चुकतो. शास्त्रज्ञ मात्र खडकात पक्का खांब रोवून त्यावर अँटेना बसवतात, संदेशाच्या लहरींचे सूक्ष्म मापन करतात आणि रात्रंदिवस, वर्षानुवर्षे नोंद ठेवतात. तेव्हा मिलिमीटरचा हिशेब लागतो. बंगळुरू आणि हैदराबाद येथे अशी कायमस्वरूपी केंद्रे आहेत. त्या दोहोंमधले अंतर जवळजवळ बदलत नाही, कारण दोन्ही एकाच भूपट्टावर स्वार आहेत. परंतु हिमालयापलीकडच्या ल्हासाशी असलेले त्यांचे अंतर वर्षागणिक कमी होते. तो ताण हिमालयाच्या पोटात साठतो आणि कधीतरी सुटतो. २०१५ च्या नेपाळ भूकंपात काठमांडूचे खोरे काही सेकंदांत दीड मीटरहून अधिक दक्षिणेला सरकले, तेही याच उपकरणांनी नोंदवले. पृथ्वी शेषनागाच्या फण्यावर आहे असे शिकवणाऱ्यांच्या पोथीत यातला एक तरी आकडा सापडेल काय?

नागपूरकरांना झिरो माईलचा मोठा अभिमान. भारताचा मध्यबिंदू म्हणून आपण तो पाहुण्यांना दाखवतो. तो दगड इंग्रजांच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या काळातला. १८०२ साली मद्रासहून हे सर्वेक्षण सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन १८२३ साली आपल्या शेजारच्या हिंगणघाटला वारला. तिथेच त्याची कबर आहे. अर्धा टन वजनाचा थिओडोलाईट डोंगरावर चढवणाऱ्या, जंगले तोडून दृष्टीची वाट मोकळी करणाऱ्या मजुरांची नावे मात्र इतिहासाने लिहून ठेवली नाहीत. असो. तो दगड रोवणाऱ्यांना वाटले असेल की तो कायमचा एका जागी राहील. तोही सरकतोच आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या मुलांना सांगितली पाहिजे. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका कोट्यवधी वर्षांपूर्वी जोडलेले होते. त्या महाखंडाला जगभरचे शास्त्रज्ञ गोंडवाना म्हणतात. हे नाव आले कुठून? मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून! इथल्या कोळशाच्या खडकांना भूगर्भशास्त्रज्ञांनी ते नाव दिले आणि ते साऱ्या जगाच्या पुस्तकांत गेले. नागपूर वसवले तेही गोंड राजा बख्त बुलंद शाह याने. ज्यांच्या नावाने जग पृथ्वीचा इतिहास सांगते, त्या आदिवासींना खाणी आणि धरणांसाठी स्वतःच्याच जमिनीवरून हुसकावले जाते. हा विरोधाभास एकट्या भूगर्भशास्त्राचा नाही, इथल्या समाजव्यवस्थेचा आहे.

सर्व काही अनित्य आहे, असे तथागत सांगून गेले. मनुवादाचा दावा नेमका उलटा. समाजाची उतरंड सनातन आहे, ज्याची जागा जिथे ठरली तिथेच त्याने राहावे, असे तो सांगतो. खंड सरकतात हे आल्फ्रेड वेगेनरने १९१२ साली मांडले तेव्हा प्रस्थापित पंडितांनी त्यालाही हसण्यावारी नेले होते. १९३० साली तो ग्रीनलंडच्या बर्फात मेला. त्याचे म्हणणे मान्य व्हायला १९६० चे दशक उजाडले. खंड सरकतात हे मान्य करायला पंडितांना अर्धे शतक लागले. माणूस माणसासारखा आहे हे मान्य करायला इथल्या पंडितांना किती शतके हवीत?

आता किल्लारीकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादची जमीन हादरली. दख्खनचा हा भाग स्थिर समजला जाई. त्या काळच्या नकाशात तो सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. सुमारे १० हजार माणसे गेली. ती बहुतांशी जाड दगडमातीच्या भिंतींखाली आणि मातीच्या धाब्याखाली चिरडली गेली. भूकंपाने जात पाहिली नाही. पण पुनर्वसनाने काय पाहिले? जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य सरकारने ५२ गावे नव्याने वसवली आणि घराचा आकार ठरवला तो जमिनीच्या मालकीवरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्याहून मोठ्या जमीनदाराला ७५० चौरस फूट! मराठवाड्यात भूमिहीन म्हणजे बहुतांशी कोण, हे वाचकांना सांगायला नको. ज्याच्याकडे पूर्वी जास्त होते त्याला जास्त, हा न्याय कोणत्या संविधानात बसतो? निसर्गाने जुने गाव जमीनदोस्त केले. सरकारला समतेचा नवा आराखडा कोऱ्या कागदावर आखता आला असता. त्याने जुनीच उतरंड चौरस फुटांत मोजून पुन्हा बांधली.

म्हणूनच मोजणीचा प्रश्न हा चळवळीचा प्रश्न आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला, तेव्हा लाखोंनी तुरुंग भरले. मागणी साधी होती: कसायला जमीन द्या. आज तेच उपग्रह, तीच तंत्रविद्या गावखेड्यातील घरे मोजू लागली आहे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोन उडतात, उपग्रहांच्या आधाराने गावठाणातील घरांच्या हद्दी ठरतात आणि मालमत्तेचे कागद दिले जातात. चांगली गोष्ट आहे. पण मोजणी होते ती गावठाणाची. गावठाणाबाहेर, गायरानावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या, तिथलीच पडीक जमीन कसून पोट भरणाऱ्या आपल्या माणसाचे काय? भूपट्टाची मिलिमीटरची हालचाल टिपणाऱ्या यंत्राला त्याची झोपडी दिसत नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. यंत्राला सारे दिसते. नोंदवहीत काय लिहायचे हे माणूस ठरवतो. कुलकर्ण्याच्या दप्तराविषयी महात्मा फुल्यांनी जो इशारा दिला होता, तो संगणकाच्या दप्तरालाही लागू आहे.

यासाठी दोन कामे आपण हाती घेतली पाहिजेत. पहिले, गावात मोजणी येईल तेव्हा वस्तीतील शिकलेल्या तरुणांनी हजर राहावे, नकाशा समजून घ्यावा, चुकीच्या हद्दीवर लेखी हरकत नोंदवावी आणि गायरानावरील वहिवाटीचे पुरावे जपावेत. दुसरे, या विद्येत आपली मुले गेली पाहिजेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रही इथेच आहे. इंदोऱ्याच्या, पाचपावलीच्या मुलामुलींनी त्या इमारती बाहेरूनच का पाहाव्यात? बाबासाहेबांनी ‘शिका’ म्हटले, त्यात भूगर्भशास्त्र आणि भूमापनही येते.

दीक्षाभूमीची जमीन दरवर्षी पाच सेंटिमीटर पुढे जाते, तीही कोणाची परवानगी न घेता. तिच्यावर उभे राहून २२ प्रतिज्ञा घेणाऱ्या समाजाने दरवर्षी निदान तेवढे तरी पुढे सरकायला हवे. आणि आपण किती सरकलो, हे दुसऱ्याने सांगण्याची वाट न पाहता आपणच मोजायला हवे.

जयभीम!