घर विकताना : स्वतः की मध्यस्थामार्फत?

धान्य, कापड, सोने यांची खरेदी-विक्री माणूस आयुष्यभर करीत असतो. राहते घर विकण्याचा प्रसंग मात्र एका पिढीत एखाद्या वेळीच येतो. मुले पुण्या-मुंबईत स्थिरावतात आणि गावाकडचे घर कुलूपबंद पडते. वडिलांच्या पश्चात आई तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, इमारतीला लिफ्ट नसते, गुडघे साथ देत नाहीत. मग घर विकण्याचे ठरते आणि पहिला प्रश्न पुढे येतो तो दलालीचा. ‘उगाच दोन लाख कोणाला का द्यायचे?’ असे एक भाऊ म्हणतो. ‘आपल्याला यातले काय कळते?’ असे दुसरा म्हणतो. दोघांचेही म्हणणे खरे असते, परंतु अपुरे असते.

दलालीचा हिशेब

महाराष्ट्रात घरविक्रीवरील दलालीचा दर कायद्याने ठरवून दिलेला नाही. विक्रेत्याकडून शेकडा एक ते दोन आणि बहुधा तितकीच खरेदीदाराकडून, असा सर्वसाधारण प्रघात आहे. मध्यस्थ जीएसटीखाली नोंदणीकृत असेल तर दलालीवर १८ टक्के कर वेगळा पडतो. ८० लाख रुपयांच्या सदनिकेवर दोन टक्के दलाली म्हणजे १,६०,००० रुपये. त्यावर कर २८,८०० रुपये. एकूण १,८८,८०० रुपये. रक्कम लहान नाही.

परंतु हिशेबाला दुसरी बाजूही आहे. बाजाराची माहिती नसल्याने किंमत पाच टक्क्यांनी कमी सांगितली गेली, तर चार लाखांचे नुकसान होते. ते कोणत्याही पावतीवर दिसत नाही, एवढेच. उलट किंमत फार चढी सांगितली तर घर महिनोन् महिने पडून राहते. ८० लाखांवर वर्षाला सहा टक्के व्याज धरले तरी महिन्याला ४०,००० रुपये होतात. पाच महिन्यांचा विलंब म्हणजे दोन लाख रुपये. सोसायटीची देखभाल वर्गणी आणि घरपट्टी त्याहून वेगळी.

तिसरी बाजू बहुधा ध्यानात येत नाही. ८० लाखांऐवजी ८२ लाख मिळाले तर मालकाचा लाभ दोन लाखांचा होतो. दोन टक्के घेणाऱ्या मध्यस्थाचा लाभ मात्र केवळ चार हजारांचा. त्या चार हजारांसाठी आणखी दोन महिने थांबण्यापेक्षा आलेला व्यवहार लवकर पुरा करणे त्याला सोयीचे असते. तो अप्रामाणिक असतो असे नव्हे. त्याचे हित आणि मालकाचे हित तंतोतंत एक नसते, इतकेच. म्हणून ‘आता याहून जास्त मिळणार नाही’ हा त्याचा सल्ला ऐकावा, पण अखेरचा शब्द मानू नये.

चार कामे वेगळी करून पाहावीत

घर विकणे हे एक काम नसून चार कामे आहेत : किंमत ठरविणे, खरेदीदार शोधणे, बोलणी करणे आणि कागदपत्रे पुरी करणे. यांपैकी कोणते काम घरातील माणसे नीट करू शकतात, हे प्रामाणिकपणे पाहिले की निर्णय बराच सोपा होतो.

किंमत ठरविताना जाहिरातींतील आकड्यांवर विसंबू नये. त्या मागितलेल्या किमती असतात, मिळालेल्या नव्हेत. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक २ पाहता येते. तीत व्यवहाराचा मोबदला नमूद असतो. आपल्याच इमारतीतील किंवा शेजारच्या इमारतीतील गेल्या वर्षभराचे तीन-चार व्यवहार पाहिले आणि चटई क्षेत्राशी चटई क्षेत्राची तुलना केली, तर किमतीचा अंदाज घरबसल्या येतो. शासनाचे वार्षिक मूल्यदर, म्हणजे रेडी रेकनर, मुद्रांक शुल्कासाठी असतात; बाजारभाव त्याहून कमी किंवा अधिक असू शकतो.

खरेदीदार शोधणे हे मध्यस्थाचे खरे बळ आहे. त्याच्याकडे विचारणा करणाऱ्यांची यादी असते. केवळ पाहायला येणारा कोण आणि ज्याचे कर्ज मंजूर झाले आहे असा कोण, हे तो ओळखतो. वृद्ध माता एकटी राहत असेल, तर अनोळखी माणसांना वेळी-अवेळी घर दाखविणे सुरक्षितही नसते. मालक दुसऱ्या शहरात वा परदेशी असेल, घर अनेक वर्षे बंद असेल किंवा त्या भागात ओळख उरली नसेल, तर चांगल्या मध्यस्थाची दलाली हा वाया गेलेला पैसा नव्हे.

याउलट, शेजारीच भिंत पाडून घर मोठे करू इच्छितो, भाडेकरू घेण्यास तयार आहे, किंवा इमारतीला एवढी मागणी आहे की सूचनाफलकावरील चिठ्ठीनेच चार जण विचारतात, अशा वेळी खरेदीदार शोधण्यासाठी दलाली देण्याचे कारण नाही. खरेदीदार आपला, कागदपत्रांसाठी ठरावीक मेहनतान्यावर वकील, हा मधला मार्ग पुष्कळ कुटुंबांना पुरेसा होतो.

‘आपलाच माणूस आहे’

समाजात एक तिसरा मार्गही रूढ आहे. मंदिरात, स्वाध्याय मंडळात किंवा लग्नकार्यात घराचा विषय निघतो आणि ओळखीचे कोणी पुढे येते. विश्वास असतो, दलाली वाचते, घर आपल्या माणसाकडे गेल्याचे समाधानही लाभते. मात्र याच मार्गात संकोचाचा धोका अधिक. नात्यापोटी किंमत स्पष्ट बोलली जात नाही, विसाराची पावती मागणे अपमानाचे वाटते, बाकी रकमेची तारीख ‘होईल, बघू’ यावर राहते. सहा महिन्यांनी पैसे अडले की घरही जाते आणि नातेही दुरावते. परक्याशी जेवढे लेखी करावे, तेवढेच आपल्या माणसाशीही लेखी करावे. लेखी करार हा अविश्वास नव्हे. दोघांच्याही स्मरणशक्तीला दिलेला तो आधार आहे.

मध्यस्थ नेमताना

मध्यस्थ नेमायचा ठरला तर त्याच्याशीही एका पानाचा का होईना, करार करावा. दलालीचा दर, त्यावरील कर, तो खरेदीदाराकडूनही दलाली घेणार आहे काय, किती महिन्यांची मुदत आणि त्या काळात मालकाने स्वतः खरेदीदार आणला तर काय, हे त्यात यावे. दलाली टोकन आल्याबरोबर न देता खरेदीखत नोंदले जाऊन पूर्ण मोबदला मिळाल्यावर द्यावी. विसाराची रक्कम मध्यस्थाच्या नव्हे, मालकाच्या बँक खात्यात यावी. मूळ कागदपत्रे त्याच्या हाती देऊ नयेत, छायाप्रती पुरतात. ‘आपल्याला येण्याची तसदी नको’ म्हणून पुढे केलेल्या कुलमुखत्यारपत्रावर कधीही सही करू नये.

महारेराकडे नोंदणीकृत प्रकल्पांतील व्यवहारांसाठी मध्यस्थाची नोंदणी बंधनकारक आहे आणि त्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही आवश्यक केली आहे. जुन्या इमारतीतील घराची विक्री त्या कक्षेत येत नसली, तरी नोंदणीकृत मध्यस्थ निवडलेला बरा. निदान त्याचा पत्ता आणि ओळख तपासता येते. दलाली धनादेशाने देऊन पावती घ्यावी. घरविक्रीवरील भांडवली नफा मोजताना ती विक्रीचा खर्च म्हणून वजा मिळते.

कागद मात्र आपलेच

मध्यस्थ कितीही कुशल असो, मालकी सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाचीच असते. घर बाजारात आणण्यापूर्वी मूळ करारांची साखळी, सूची क्रमांक २, सोसायटीचा भागदाखला, भोगवटा प्रमाणपत्र, घरपट्टीच्या पावत्या आणि कर्ज फेडले असल्यास बँकेचे बोजामुक्तीचे कागद एका ठिकाणी जमवावेत. स्वतंत्र घर असेल तर मिळकत पत्रिका किंवा सातबारा उतारा अद्ययावत असल्याचे पाहावे. सोसायटीला हस्तांतरणाची पूर्वसूचना द्यावी लागते. महानगरपालिका क्षेत्रातील गृहनिर्माण संस्थांना हस्तांतरणाचे अधिमूल्य २५,००० रुपयांपेक्षा अधिक घेता येत नाही, हेही ठाऊक असावे.

सर्वांत नाजूक बाब वारसांची. सोसायटीत ज्याचे नामनिर्देशन आहे तोच मालक, हा समज चुकीचा आहे. नामनिर्देशित व्यक्ती इतर वारसांच्या वतीने विश्वस्ताप्रमाणे असते. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. वडील मृत्युपत्राविना गेले असतील, तर त्यांच्या स्वकष्टार्जित घरात त्यांची पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास त्यांची माता यांचा समान वाटा असतो. व्यवहार ठरल्यावर, खरेदीदार दारात उभा असताना, सासरी असलेल्या बहिणीला ‘ये आणि हक्कसोडपत्रावर सही कर’ असा निरोप जातो. ती सही करते, पण मनात काही राहून जाते. बहिणीला पहिल्या दिवशीच बोलवावे, किंमत सांगावी, तिचा वाटा किती हे मोकळेपणाने बोलावे. तो तिने घ्यावा की सोडावा हा तिचा निर्णय. तिची सही गृहीत धरणे ही दुसऱ्याच्या धनावर नजर ठेवण्यासारखीच गोष्ट आहे.

जे सोपविता येत नाही

अखेरचा मुद्दा श्रावकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, पाणी एक दिवसाआड येते, पार्किंगचा वाद चालू आहे, हे खरेदीदाराला सांगावे काय? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याचे उत्तर देतो : मालकाला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला साध्या तपासणीत न आढळणारा महत्त्वाचा दोष सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. मालकाच्या वतीने बोलताना मध्यस्थाने केलेल्या खोट्या विधानाचा परिणामही मालकावर येऊ शकतो.

धर्माने हे कायद्याच्या कितीतरी आधी सांगितले आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात सत्याणुव्रताचे वर्णन करताना स्थूल असत्य स्वतः न बोलणे आणि दुसऱ्याकडून न बोलविणे, अशा दोन्ही गोष्टी येतात. कृत, कारित आणि अनुमोदित या तिन्ही द्वारांनी कर्माचा आस्रव होतो. रंग देऊन ओल झाकली हे कृत. मध्यस्थाकरवी ‘गळती अजिबात नाही’ असे सांगविले हे कारित. तो सांगत असताना शेजारी बसून मान डोलावली हे अनुमोदित. दलाली देऊन श्रम सोपविता येतात, दोष सोपविता येत नाही.

हीच गोष्ट रोख रकमेची. ‘काही चेकने, काही रोखीने’ हा प्रस्ताव मध्यस्थाकडून येवो वा खरेदीदाराकडून, त्याचा अर्थ खोटा दस्त लिहिणे असाच आहे. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये कूटलेखक्रिया गणली आहे, तर अचौर्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये विरुद्धराज्यातिक्रम. आयकर कायद्याप्रमाणे स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेतल्यास तितकाच दंड होऊ शकतो. शिवाय दस्तावर कमी किंमत दिसली की करातून सूट मिळविण्यासाठी नव्या घरात गुंतविण्याची रक्कमही कागदावर अपुरी ठरते. पन्नास लाख रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या व्यवहारात निवासी विक्रेत्याला रक्कम देताना खरेदीदार एक टक्का कर कापून भरतो. त्याचे प्रमाणपत्र मात्र मागून घ्यावे.

म्हणून निर्णयाचा क्रम असा असावा. प्रथम सर्व वारस एकत्र बसवावेत. मग कागद जमवावेत. मग नोंदलेल्या व्यवहारांवरून किमतीचा अंदाज घ्यावा आणि घराचे दोष एका कागदावर लिहून काढावेत. इतके झाल्यावर खरेदीदार आपल्या ओळखीत आहे काय, हे पाहावे; असेल तर वकिलाची मदत पुरेशी आहे, नसेल तर लेखी अटींवर मध्यस्थ नेमावा. पहिली कामे नीट झाली असतील तर दोन्ही मार्ग सुरक्षित आहेत. ती झाली नसतील, तर दलाली वाचवूनही घर स्वस्तात जाते, आणि दलाली देऊनही भावंडांचे मन दुखावते.