तिकिटावरचे दीड तास



परवा ऑफिसातून येऊन पायातली चप्पल काढतो, तोच शेजारच्या मावशी विमानाचे तिकीट घेऊन दारात आल्या. त्यांचा मुलगा इलेक्ट्रिशियनच्या कामावर दुबईला निघाला आहे. बचत गटातून कर्ज काढून तिकीट घेतलेले.

"दादा, बारा तारखेला रात्री पाऊणला सुटतं अन् दोन वाजून दहाला पोचतं. दीडच तास! बारालाच संध्याकाळी सगळ्यांना जेवायला सांगितलंय, मग जाऊ सोडायला."

तिकीट पाहिले आणि काळजात धस्स झाले. तारीख १२, वेळ ००.४०. रात्री बारा वाजता तारीख बदलते. म्हणजे हे विमान ११ तारखेची रात्र संपता संपता सुटणार. १२ तारखेला संध्याकाळी पंगत बसली असती तेव्हा विमान जाऊन अठरा तास झाले असते!

आता दीड तासाचे पाहू. मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर. मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याला जाणारी रेल्वे जवळपास एवढेच अंतर कापते आणि तिला एक दिवसाहून अधिक वेळ लागतो. विमानाला सुमारे तीन तास लागतात. दीड तासात ते पोचूच शकत नाही.

मग राहिलेले दीड तास गेले कुठे? ते घड्याळात आहेत. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. भारताचे घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर लावलेले, दुबईचे ६० अंशांवर. फरक २२.५ अंशांचा, म्हणजे ९० मिनिटांचा. दुबईत २.१० वाजतील तेव्हा आपल्याकडे ३.४० झालेले असतील. तिकिटावर सुटण्याची वेळ इथली आणि पोचण्याची वेळ तिथली, अशी ज्या त्या गावची वेळ छापतात.

परतताना उलटे होते. दुबईहून रात्री १० ला सुटलेले विमान मुंबईत २.३० ला उतरले, तर साडेचार तास झाले असे वाटेल. त्यातून दीड वजा करा, तीनच उरतात. हिवाळ्यात उंचावरचा पश्चिमेचा वारा पाठीशी असला, तर येताना आणखी थोडा वेळ वाचतो.

पण घरातून निघणाऱ्या माणसाचा प्रवास तीन तासांचा नसतो. विमानतळावर तीन तास आधी हजर राहायचे. सामान घेण्याची खिडकी विमान सुटण्याच्या तासभर किंवा त्याहूनही आधी बंद होते. वस्तीतून विमानतळापर्यंतचा दीड-दोन तासांचा रस्ता, उतरल्यावर पासपोर्टची रांग आणि सामान धरले, तर नऊ-दहा तास सहज होतात. मावशींच्या मुलाने ११ तारखेला रात्री साडेसातलाच घर सोडले पाहिजे.

मावशी क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे जेवण दहालाच करावं लागेल." आणि लगेच निरोप द्यायला निघाल्या.

आपल्या घरातले कोणी परदेशी निघाले असेल, तर तिकीट चारचौघांत वाचून घ्या. ००.०० ते ०३.०० मधली वेळ दिसली की आदल्या दिवसाच्या संध्याकाळी घर सोडायचे, हे कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा. विचारण्यात कसला कमीपणा? न विचारता विमान चुकले, तर कर्जाचा हप्ता मात्र चुकत नाही.