पट्टी कोणाची?

गेल्या हिवाळ्यात सोलापुरातील एका शाळेच्या स्नेहसंमेलनास जाण्याचा योग आम्हांस आला. मंडपात चाळीस-पन्नास मुलामुलींचा वृंद उभा राहिला, संगीतशिक्षकांनी पेटीवर काळी चारचा षड्ज धरला आणि समूहगीतास प्रारंभ झाला. मुलींचे बरे चालले होते. परंतु मागच्या रांगेत नववीचे मुलगे होते, ज्यांचा कंठ नुकताच फुटू लागला होता. अंतऱ्यात चाल तार षड्जाकडे वळताच त्यांच्या माना ताणल्या, चेहरे लाल झाले, आणि जे बाहेर पडले त्यास स्वर म्हणण्यापेक्षा आरोळी म्हणणे अधिक यथार्थ होईल. दोघातिघांनी नुसते ओठ हलविले. त्या दिवशी शहाणपणा दाखविला तो त्यांनीच. अध्यक्षांनी मात्र वृंदाच्या 'खणखणीत आवाजाची' तोंड भरून स्तुती केली, व आम्ही सर्वांनी टाळ्या पिटल्या.

आमचा वाद ह्या 'खणखणीत' शब्दाशी आहे. बोलताना पुरुषाच्या स्वरतंतूंचे सेकंदास शंभर-सव्वाशे वेळा कंपन होते, स्त्रीच्या स्वरतंतूंचे दोनशेच्या आसपास. तार सप्तकात हीच संख्या कित्येक पटींनी चढते. इतक्या नाजूक अवयवावर रोज जबरदस्ती केली तर तो सुजतो, आणि जबरदस्ती महिनोन्महिने चालली तर त्यावर गाठी धरतात. साधारण बारा ते पंधरा ह्या वयात मुलाचे स्वरयंत्र झपाट्याने वाढत असते. त्या काळात त्याजकडून वरचा स्वर ओरबाडून घेणे म्हणजे ओल्या भिंतीवर माडी चढविणे होय.

कोणी म्हणेल की, पाश्चात्य वृंदगायनातही शेकडो लोक एकत्र गातात, त्यांचे गळे कसे टिकतात? उत्तर सोपे आहे. तेथे उंच व ठाय स्त्रीस्वर, उंच व खर्ज पुरुषस्वर असे चार भाग रचनाकारानेच पाडलेले असतात, आणि ज्याला त्याला आपापल्या गळ्याजोगी वाट मिळते. आपल्याकडे चाल एक आणि षड्जही एक. ह्यात कमीपणा मुळीच नाही. एकस्वरी गायनाची गोडी निराळीच आहे. पण पुरुषाच्या व स्त्रीच्या सोयीच्या षड्जांत चार-पाच स्वरांचे अंतर पडते, तेव्हा म्होरक्याने पेटीच्या कोणत्या पट्टीवर बोट ठेवले ह्यावर कोणाचा गळा सुखी राहणार आणि कोणाचा सोलवटून निघणार हे ठरून जाते. तेथे रचनाकार जी काळजी आधीच वाहतो, ती येथे सर्वस्वी म्होरक्याच्या शिरावर असते. आणि आमचे बहुतेक म्होरके पट्टी धरतात ती स्वतःच्या गळ्याची!

भजनी मंडळांतही हाच प्रकार चालतो. हटकले तर उत्तर ठरलेले: 'अहो, भजनात भाव पाहावा, पट्टी कसली पाहता!' वारकरी परंपरेच्या नावाने दिलेल्या ह्या उत्तरास आमचा सक्त विरोध आहे, कारण त्या परंपरेइतकी गळ्यांची कदर क्वचितच कोणी केली असेल. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली टेकत नाही हे खरे. पण ती एकाच्याच गळ्यातही राहत नाही. पहारा बदलतो, नवा विणेकरी उभा राहतो, आधीचा विसावा घेतो. नाम अखंड, गळा अखंड नव्हे! दिंडीत टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. एकीने चरण घेतला की दुसरी दम खाते. ही व्यवस्था ज्यांनी बसविली त्यांना कोणी स्वरयंत्राचे चित्र काढून दाखविले नव्हते. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातील लोकांनी ही गोष्ट विसरावी ह्यास काय म्हणावे? आमच्या शहरात दिवसभर यंत्रमागांच्या खडखडाटात ओरडून बोललेला माणूस रात्री टाळ घेऊन बसतो. त्याचा घसा आधीच शिणलेला. त्यावर बुवांची पट्टी उंच, आणि बुवांपुढे ध्वनिवर्धक! बुवांना ओरडावे लागत नाही, बाकीच्यांना लागते.

तथापि सगळा दोष म्होरक्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे ह्यांनी साबरमतीच्या आश्रमात सर्वसाधारण माणसांना प्रार्थनेस गावयास शिकविले, त्यांच्यासाठी भजने संकलित केली, आणि १९३० साली ते दांडीच्या वाटेवरही चालले. त्या तोडीच्या गायकाने जे काम कमीपणाचे मानले नाही, ते आम्ही आज पोरखेळ समजतो. शाळेतील संगीतशिक्षक म्हणजे गैरहजर मास्तरांचा वर्ग सांभाळणारा गृहस्थ! संमेलनाच्या आधी पंधरा दिवस त्याला वृंद सोपवायचा, शेवटी शाल-श्रीफळ द्यायचे, की झाले. पन्नास मुलांना चाल बसविताना त्यांच्या आवाजावर आपला आवाज चढवून तो दिवसभर गातो, आणि सर्वांआधी त्याचाच घसा बसतो. शिक्षकांच्या आवाजाची तपासणी करविणारी एकही शाळा आमच्या पाहण्यात नाही.

पट्टी दोन स्वर उतरविण्यास पैसा लागत नाही. ज्यांचा कंठ फुटत आहे अशांना ध्रुवपदापुरते गावयास सांगून अंतऱ्यास टाळ द्यावेत, तालमीत दर अर्ध्या घटकेने गळ्यांना विसावा व पाणी द्यावे, स्पर्धांच्या परीक्षकांनी ओरडण्याचे गुण कापावेत. ह्यांपैकी कोणत्या गोष्टीस सरकारी मंजुरी हवी आहे?

त्या संमेलनानंतर आम्ही संगीतशिक्षकांना गाठले. ते माठापाशी पाणी पीत होते आणि त्यांचा आवाज पार घोगरा झाला होता. पट्टी इतकी उंच का धरली, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "साहेब, मागच्या साली मी खाली धरली होती. शेवटच्या रांगेतल्या पाहुण्यांना ऐकू गेले नाही, म्हणून मला बोलणी खावी लागली." आम्ही मंडपाकडे वळून पाहिले. चारही खांबांवर एकेक कर्णा बांधलेला होता.