दुकानाच्या पाटीवर काय लिहावें?

व्यापाऱ्याचें अर्धें भांडवल त्याच्या जिभेवर असतें, असा आपल्या पेठेंतील जुना समज आहे. "या, बसा" हे दोन शब्द गोड निघाले कीं गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतें. पण ज्याच्या कानीं ते शब्द पडतच नाहींत त्याचें काय? २०११ च्या खानेसुमारींत आपल्या देशांत श्रवणदोष असलेल्या लोकांची संख्या सुमारें ५० लाख भरली. त्यांपैकीं कित्येक मिरा-भाईंदरच्या बाजारांतही येत असतील. बोटानें वस्तु दाखवितात, पैसे देतात व निघून जातात, म्हणून ते आपल्या ध्यानीं येत नाहींत. आमच्या विद्यार्थ्यांच्या पालकांत दुकानदार आहेत, कारखानदारही आहेत. हा विषय त्यांच्यापुढें मांडावा असें आम्हांस वाटतें.

आरंभींच एका शब्दाविषयीं. 'मूकबधिर' हा शब्द आपण सर्रास वापरतों. पण ज्यांना हातांची एक संपूर्ण भाषा आहे त्यांना मूक म्हणावें काय? आम्ही नुसतें 'बधिर' म्हणूं.

बधिरांच्या शिक्षणाचा आपल्या देशांतील आरंभ एकोणिसाव्या शतकांत मुंबईंतच झाला, व त्यांत बिशप लिओ म्यूरिन यांचा पुढाकार होता. शिक्षण झालें, परंतु शिकलेल्या मुलानें पुढें करावें काय, हा प्रश्न उरलाच. त्याचें एक उत्तर पुन्हा मुंबईंतच मिळालें. ध्रुव लाकरा या तरुणास बसमध्यें शेजारीं बसलेला एक मुलगा बावरून इकडेतिकडे पाहत असलेला दिसला. विचारलें तर उत्तर नाहीं. तो बधिर आहे व कोणता थांबा आला हें त्याला कळत नाहीं, असें ध्यानांत आलें. पुढें लाकरांनीं 'मिरॅकल कुरिअर्स' ही टपाल पोंचविणारी कंपनी काढली व बधिर तरुणांना तींत कामास घेतलें. मुलगे घरोघर पाकिटें पोंचवीत आणि मुली कचेरींत त्यांची वर्गवारी करीत. हें काम निवडण्यांत मोठी अक्कल होती. त्यांत पत्ता वाचावा लागतो, रस्ते लक्षांत ठेवावे लागतात, बोलावें मात्र फारसें लागत नाहीं. लाकरांनीं हा धर्मादाय न मानतां धंदा मानला, हें आम्हांस विशेष वाटतें. या कंपनीस राष्ट्रीय पारितोषिकही मिळालें.

पवईंत २०१५ सालीं 'मिर्ची अँड माइम' नांवाचें उपाहारगृह निघालें, तेथें वाढपी बधिर. पदार्थांच्या यादींत पदार्थाशेजारीं त्याची खूण छापलेली असे. ती करून दाखवावी कीं वाढप्याला समजे. येथें अडखळण्याची पाळी ऐकूं येणाऱ्या ग्राहकावर येई, व तो ती हौसेनें पत्करी! या यादीहून चांगली जाहिरात आम्हांस ठाऊक नाहीं.

उलट, एखाद्या बधिर नोकराचें छायाचित्र भिंतीवर लावून आपल्या दयाळूपणाचा डांगोरा पिटणें आम्हांस मुळींच रुचत नाहीं. त्या नोकराला इतरांइतकें वेतन आहे काय, तो कधीं मुकादम होईल काय, हें त्या चित्रांत दिसत नाहीं. पाटीवर दया नको, माहिती हवी. 'येथें खुणांची भाषा जाणणारा माणूस अमुक वेळीं असतो', 'लिहून विचारा, कागद-पेन्सिल ठेविली आहे', 'या क्रमांकावर लेखी संदेश पाठवा'. पुष्कळ दुकानांच्या पाटीवर नुसतें 'फोन करा' असतें. बधिरानें तो कसा करावा? दवाखान्यांत नांव पुकारतात, तेथें क्रमांक दाखविणारा फलक हवा. आगगाडीचा फलाट ऐन वेळीं बदलला तर तें ध्वनिक्षेपक सांगतो. बधिर मनुष्य गर्दी कोणीकडे धांवते तें पाहून धांवतो. आणि पाटी लावण्यापूर्वीं तींतील वचन पाळण्याची तयारी हवी, नाहींतर ती न लावलेली बरी.

नोकरीसंबंधीं २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. सरकारी जागांत शेंकडा ४ राखीव, त्यांपैकीं १ श्रवणदोष असलेल्यांसाठीं. खासगी कारखान्यांवर तसें बंधन नाहीं. तथापि प्रत्येक आस्थापनेनें आपलें समान संधीचें धोरण प्रसिद्ध करावें, व २० किंवा अधिक नोकर असल्यास दिव्यांगांस योग्य अशा जागाही त्यांत नमूद कराव्या, असें नियम सांगतात. भाईंदरच्या स्टील भांड्यांच्या कारखानदारांनीं याचा विचार करावा. यंत्रांच्या खडखडाटांत ऐकूं येणारे कामगारही हातवारे करूनच बोलतात. तेथें बधिर कामगार कोठें कमी पडेल? धोक्याच्या घंटेबरोबर दिवा लागला पाहिजे, एवढी सोय मात्र मालकानें करावयासच हवी.

२३ सप्टेंबर हा जागतिक सांकेतिक भाषा दिन. दिल्लीच्या संस्थेनें २०२१ सालीं १०,००० शब्दांचा भारतीय सांकेतिक भाषेचा कोश प्रसिद्ध केला. त्यांतून आमच्या वरच्या वर्गांतील मुलांनीं पांचच खुणा निवडाव्या: किंमत, सुटे पैसे, पावती, बदलून द्या, उद्यां या. त्या आधीं एखाद्या बधिर गृहस्थाकडून तपासून घ्याव्या, कारण कोशांतील खूण आणि रोजच्या वापरांतली खूण यांत फरक असूं शकतो. आणि मग घरच्या दुकानांत वडिलांना शिकवाव्या.