व्यसन नावाची पळवाट

अश्लील चित्रफिती पाहणाऱ्या जोडीदाराला ‘व्यसनी’ ठरविण्याची रीत आपल्या सुशिक्षित घरांत रूढ होत आहे. या रीतीला आमचा विरोध आहे. कारण ती संसारातील भांडणाचा निवाडा भांडण ऐकण्यापूर्वीच करून टाकते.

वैद्यकाने हे नाव स्वीकारलेले नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या विकारसूचीत ते नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये संमत केलेल्या व २०२२ पासून अमलात आलेल्या वर्गीकरणात अनिवार लैंगिक वर्तनाचा विकार आहे खरा. परंतु त्याची गणना आवेगनियंत्रणाच्या विकारांत होते, व्यसनांत नाही. शिवाय, केवळ नैतिक नापसंतीतून उपजलेली खंत निदानास पुरेशी नाही, असेही तेथे बजावले आहे. ज्याचा स्वतःवरील ताबा दीर्घकाळ सुटला, कामधंदा विस्कटला, त्याला उपचार हवेतच. यशवंतपूरच्या रहिवाशाला त्यासाठी शहराबाहेर जावे लागत नाही. बंगळूरच्याच निम्हान्स संस्थेने तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ मध्ये स्वतंत्र चिकित्सालय सुरू केले. मात्र निदान तेथे व्हावे, घरच्या बैठकीत नव्हे.

मराठी समाजाला ही गल्लत नवी नाही. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेली उत्तरे हाच तो गुन्हा! त्या काळी वीर्यनाशाचे भय घातले जाई. आज तेच भय मेंदूच्या नावाने घातले जाते.

हा शब्द स्त्रीचे रक्षण करतो, असे मानणाऱ्यांनी मद्रास उच्च न्यायालयाचा मार्च २०२५ चा निकाल पाहावा. तेथे पतीनेच पत्नीवर हे व्यसन लादून घटस्फोट मागितला होता. पत्नीने एकांतात अशी दृश्ये पाहिली, एवढ्याने पतीवर क्रूरता होत नाही, असे सांगून न्यायालयाने तो नाकारला.

या चित्रफितींत स्त्रीची विटंबना नसते, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. उलट, ती विटंबना पाहून जो पत्नीकडून तिची नक्कल मागतो, त्याला रुग्ण म्हणणे म्हणजे त्याची जबाबदारी माफ करणे होय. रुग्णाला पथ्य सांगतात. जाब विचारीत नाहीत. पत्नीला मात्र जाबच हवा असतो: लपविले का, आणि माझा नकार ऐकला का नाही?