धुराचं नाक

1 लाख 80 हजार किलोमीटर झाले आणि आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा मुक्कामालाच आला. पेट्रोलही पाण्यासारखं जाऊ लागलं. स्कॅनर लावून मेकॅनिक म्हणाला, ‘‘काका, ऑक्सिजन सेन्सर दमलाय.’’ बोटभर लांबीचं हे नाक एक्झॉस्टच्या पाइपात खुपसलेलं असतं. धुरात ऑक्सिजन किती उरला, हे हुंगून ते इंजिनाच्या कॉम्प्युटरला चुगली करतं: पेट्रोल जास्त झालं तर साधारण 0.9 व्होल्ट, कमी पडलं तर 0.1. धडधाकट सेन्सर या दोन टोकांत सतत झोके घेतो. आमचा मधेच पेंगत होता. नवा बसवणं पाच मिनिटांचं काम, जुना काढणं म्हणजे दाताच्या डॉक्टरकडचा प्रसंग. आटे गंजून पाइपाशी एकजीव झालेले. गंज सोडवणारं तेल मारलं, इंजिन थोडं तापवलं, वायर जायला खाच असलेला 22 नंबरचा पाना लावला आणि पोऱ्या त्यावर अक्षरशः लोंबकळला. कर्रर्र! हातात आलेल्या सेन्सरचं टोक चुलीतल्या लाकडासारखं काळंकुळकुळीत.