पॉवर सप्लाय घेताना लेबल वाचा, पण आतही पाहा

काटोलच्या बाजारात संत्र्याची पारख असणारा माणूस नुसत्या रंगावर जात नाही. तो फळ तळहातावर घेऊन तोलून पाहतो. आकाराच्या मानाने हलके लागले, की साल फुगलेली आहे आणि आत फोडी सुकलेल्या आहेत, हे त्याला कळते. संगणकाच्या पॉवर सप्लायची पहिली पारख अशीच करता येते, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

आज आपल्या वस्त्यांत मुलामुलींच्या शिक्षणासाठी संगणक घेणारी घरे बरीच आहेत. कंपनीचा नवा कोरा संच परवडत नाही, म्हणून नागपूरला बर्डीवर जाऊन असेम्बल केलेला किंवा वापरलेला संगणक आणला जातो. कुणी तरुण सेवा केंद्र टाकतो आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्यावर घर चालवतो. कुठे विहाराच्या अभ्यासिकेला जुना संगणक दानात मिळतो. घेताना आपण प्रोसेसर कोणता, रॅम किती, हार्ड डिस्क केवढी, हे विचारतो. पण या सगळ्यांना वीज पुरवणारा जो पत्र्याचा डबा कॅबिनेटच्या मागच्या बाजूला बसवलेला असतो, त्याची चौकशी कुणी करत नाही. 'तो कॅबिनेटसोबतच येतो' एवढे उत्तर आपल्याला पुरते. गिऱ्हाईक जिथे पाहत नाही, तिथे काटकसर करणे बनवणाऱ्याला सर्वांत सोपे जाते. म्हणून या डब्याच्या आत काय असते आणि काय असायला हवे, हे आज समजून घेऊ.

डबा करतो काय?

आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. संगणकाच्या आतल्या भागांना मात्र १२, ५ आणि ३.३ व्होल्ट एवढीच लागते, तीही बॅटरीसारखी एकाच दिशेने वाहणारी. हा बदल करणाऱ्या डब्याला आपले मेकॅनिक 'एसएमपीएस' म्हणतात. त्याची आजची ठेवण इंटेल कंपनीने १९९५ साली आणलेल्या एटीएक्स पद्धतीची आहे.

वीज आत शिरली की आधी फ्यूज लागतो. त्यानंतर तारेची वेटोळी आणि लहान कंडेन्सर यांची एक गाळणी असते. ती बाहेरची खरखर आत येऊ देत नाही आणि आतली बाहेर जाऊ देत नाही. पुढे डायोडचा पूल विजेला एका दिशेला लावतो. इथे व्होल्टेज कमी न होता वाढून सुमारे ३२५ होते आणि मोठ्या कंडेन्सरमध्ये साठते. मग ट्रान्झिस्टर ही वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. इतक्या वेगाने तुकडे पाडल्यामुळेच मुठीत मावेल एवढा लहान ट्रान्सफॉर्मर पुरतो. जुन्या स्टॅबिलायझरमधला जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर इथे लागत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे कमी व्होल्टेजची बाजू असते. तिथले डायोड, कॉइल आणि कंडेन्सर वीज सपाट करून रंगीत तारांतून बाहेर पाठवतात. पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ ची, नारिंगी ३.३ ची आणि काळी अर्थिंगच्या बाजूची.

दोन डबे शेजारी ठेवले तर

समजा, एक पाचशे-सहाशे रुपयांचा आणि दुसरा त्याच्या तिप्पट-चौपट किमतीचा, असे दोन डबे जाणकार मेकॅनिकने उघडून टेबलावर ठेवले. दोन्हींवर '४५० वॅट' असेच छापलेले आहे. तरी आतला फरक शाळकरी मुलालाही दिसेल.

पहिला फरक गाळणीचा. हलक्या डब्यात गाळणीच्या जागा पट्टीवर छापलेल्या असतात, पण तिथे भागच बसवलेले नसतात. कॉइलच्या जागी नुसत्या तारेचे तुकडे डाग देऊन जोडलेले दिसतात. विजेचा उसळता दाब स्वतःवर झेलणारी वाटोळी चकतीही गायब असते. पावसाळ्याच्या तोंडी विजा कडाडतात, लाइन जाते आणि एकदम परत येते, तेव्हा हीच चकती कामाची असते.

दुसरा फरक कंडेन्सरचा. चांगल्या डब्यातले मोठे कंडेन्सर खरोखर मोठे असतात. हलक्यात ते बारके असतात. लाइन क्षणभर लपकली तरी असा संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि अर्धा भरलेला अर्ज जातो.

तिसरा फरक ट्रान्सफॉर्मर आणि हीट सिंकचा. उष्णता बाहेर टाकणारे ॲल्युमिनियमचे पंखे चांगल्या डब्यात जाड असतात. हलक्यात ते पत्र्याच्या पट्टीएवढे पातळ असतात. तळहातावर तोलण्याची परीक्षा खरी ठरते ती यामुळेच. तांबे, फेराइट आणि ॲल्युमिनियम यांना वजन असते आणि त्यांनाच पैसे पडतात.

चौथा फरक संरक्षणाचा. तारा एकमेकींना लागल्या किंवा व्होल्टेज वाढले, तर चांगला डबा स्वतःहून बंद होतो. हलक्या डब्यात ही सोय अर्धवट असते किंवा मुळीच नसते. असा डबा बिघडताना एकटा जात नाही. मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही सोबत नेतो. पाचशे रुपये वाचवण्याच्या नादात दहा हजारांचा संच आणि त्यातली मुलांची कागदपत्रे जातात.

पाचवा फरक हातकामाचा. पट्टीच्या खालच्या बाजूला २३० व्होल्टची बाजू आणि कमी व्होल्टेजची बाजू यांच्यामध्ये स्वच्छ मोकळी पट्टी दिसली पाहिजे. ती अरुंद असेल, किंवा डागाचे गोळे आणि लांब सुटलेल्या तारा त्यात घुसलेल्या असतील, तर तो डबा घरात ठेवण्याच्या लायकीचा नाही. घरची वीज आणि मुलाचा हात यांच्यामध्ये तेवढीच एक भिंत असते.

लेबलाचे गणित

डबा न उघडताही पुष्कळ कळते. डब्यावरच्या लेबलावर प्रत्येक व्होल्टेजपुढे किती अँपियर मिळतील ते लिहिलेले असते. आजच्या संगणकाचे मुख्य काम १२ व्होल्टवर चालते. म्हणून १२ व्होल्टपुढचा अँपियरचा आकडा घ्यावा आणि त्याला १२ ने गुणावे. ३० अँपियर लिहिले असेल, तर ३६० वॅट झाले. ४५० च्या डब्याला हे शोभते. पण लेबलावर ठळक '४५०' आणि १२ व्होल्टपुढे फक्त १२ अँपियर असेल, तर हिशेब १४४ वॅटचाच होतो. बाकीचा आकडा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी आहे.

दुसरी गोष्ट, आपल्याला ४५० लागतातच असेही नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला, अभ्यास आणि ऑफिसच्या कामाचा संगणक साधारण १०० वॅटच्या आतबाहेर भागतो. म्हणून खोट्या ५०० वॅटच्या डब्यापेक्षा खरा ३०० वॅटचा डबा केव्हाही बरा.

लेबलावर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, तेही पाहावे. इलेक्ट्रॉनिक मालाच्या सक्तीच्या नोंदणीची पद्धत २०१२ सालच्या सरकारी आदेशाने आली आणि पुढे तिच्यातल्या वस्तूंची यादी वाढत गेली. छापलेला क्रमांक खरा की बनावट, हे ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर दुकानात उभ्या-उभ्या तपासता येते. घरात कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर हे काम तिच्याकडे द्यावे.

'८० प्लस' ही खूण २००४ पासून आहे. घेतलेल्या विजेपैकी निदान ८० टक्के कामी यावी, असा तिचा अर्थ. संगणकाला आत ८० वॅट लागत असतील, तर असा डबा मीटरमधून १०० वॅट घेतो. ६५ टक्क्यांचा हलका डबा १२३ वॅट घेतो. रोज ८ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले, तर फरक ५५ युनिटचा होतो. आपल्या बिलातल्या दराने गुणून पाहा. सेवा केंद्र चालवणाऱ्याला दोन-तीन वर्षांत चांगल्या डब्याची जास्तीची किंमत कुठून निघते, ते कळेल.

आपला उन्हाळा आणि कंडेन्सर

वाया गेलेली वीज कुठे जात नाही, ती डब्यातच उष्णता होऊन राहते. आणि काटोल-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, हे कुणाला सांगायला नको. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत तर बोलायलाच नको.

कंडेन्सरच्या पोटात एक द्रव असतो. उष्णतेने तो सुकत जातो. कंडेन्सरच्या अंगावर ८५ किंवा १०५ अंश असे छापलेले असते. ढोबळ नियम असा, की उष्णता १० अंशांनी कमी झाली, तर आयुष्य दुप्पट होते. दोन्ही कंडेन्सर आपापल्या कमाल उष्णतेला २००० तास टिकणारे आहेत असे धरा, आणि डब्यात ६५ अंश आहेत असे धरा. ८५ वाला सुमारे ८००० तास टिकेल. १०५ वाला ३२,००० तास टिकेल. रोज ८ तास वापर असेल, तर पहिला तीन वर्षांच्या आतच संपेल आणि दुसरा दहा वर्षे ओलांडेल. दोहोंच्या किमतीत फरक काही रुपयांचाच असतो.

हा दोष फक्त स्वस्त मालातच असतो असे नाही. २००० सालच्या मागेपुढे जगभर खराब द्रवाचे कंडेन्सर बाजारात आले होते. त्यांची डोकी फुगत आणि त्यांतून तपकिरी चिकटा बाहेर येई. अशा सदोष मदरबोर्डांपायी डेलसारख्या मोठ्या कंपनीला २००५ साली सुमारे ३० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. कंपनीचे नाव मोठे असले, तरी कंडेन्सरचे डोके सपाट आहे की फुगलेले, हे पाहावेच लागते.

कॅबिनेट करंट मारते?

'कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात' ही तक्रार आपल्याकडे सर्रास ऐकू येते. पुष्कळ जण पायाखाली पाट किंवा चप्पल घेऊन काम चालवतात. हे बरोबर नाही.

गाळणीतले दोन लहान कंडेन्सर विजेच्या दोन तारांपासून डब्याच्या पत्र्याला जोडलेले असतात. प्लगची तिसरी, जाड पिन खऱ्या अर्थिंगला लागलेली असेल, तर तो बारीक करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल, तर पत्र्यावर २३० च्या निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टचा दाब उभा राहतो आणि मुंग्या येतात. म्हणजे चांगल्या डब्यातही हे होते. मुंग्या येणे ही घरातली अर्थिंग नसल्याची खूण आहे. आज त्या मुंग्याच आहेत. उद्या आतला एखादा भाग फुटून तार पत्र्याला लागली, तर त्याच पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतील.

म्हणून प्लगची तिसरी पिन कापू नये आणि दोन पिनच्या जोडावर संगणक चालवू नये. ओळखीच्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावी. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि सुकली की अर्थिंग निकामी होते. मीठ-कोळशाच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी टाकत जावे. दोन बादल्या पाण्याचे काम आहे.

सावधान

डबा घरी उघडू नये. प्लग काढला तरी मोठ्या कंडेन्सरमध्ये काही वेळ ३०० व्होल्टच्या वर वीज साठून राहू शकते. ती जीव घेऊ शकते. घरच्या माणसाने एवढेच करावे : बटण बंद करून प्लग काढावा, मागच्या जाळीतून टॉर्चने पाहावे, आत काडी किंवा तार घालू नये. फुगलेली कंडेन्सरची डोकी, काळे डाग, धुळीचा थर, मेलेली पाल किंवा जळका वास आढळला, तर डबा मेकॅनिककडे न्यावा. जुन्या डब्याच्या मागे ११५-२३० असे लिहिलेले लाल बटण असेल, तर ते २३० वरच ठेवून त्यावर चिकटपट्टी लावावी. पोराने खेळताना ते ११५ वर नेले आणि कुणी प्लग लावला, तर आतले कंडेन्सर फुटतात.

जुना संगणक विकत घेताना किंवा अभ्यासिकेसाठी दान स्वीकारताना मल्टिमीटर असलेला माणूस सोबत न्यावा. संगणक चालू असताना पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. या बाहेर आकडा गेला, तर बाकी संच कितीही चांगला असो, पॉवर सप्लाय आधी बदलावा आणि तेवढे पैसे सौद्यातून कमी करून मागावेत. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी मुले वस्तीत असतील, तर असल्या तपासणीला त्यांनाच बोलवावे आणि कामाचे पैसे द्यावेत. त्यांचा हात बसेल, आपला संगणक वाचेल.

दुकानात गेल्यावर तीन गोष्टी विचारायला संकोच करू नका : १२ व्होल्टवर किती अँपियर, नोंदणी क्रमांक कुठे आहे, आणि वॉरंटी बिलावर लिहून देता का? पैसे मजुरीतून साठवलेले आहेत. विचारण्याचा हक्क त्या पैशांसोबतच मिळालेला आहे.